नागपूरच्या रस्त्यावर आडवी बुलेट

नागपूर सपाट शहर आहे, असे बाहेरून येणारे लोक म्हणतात. ते खरेही आहे. सीताबर्डीची टेकडी, सेमिनरी हिल्स आणि फुटाळ्याकडे उतरणारा रस्ता सोडला, तर गाडी चालवणाऱ्याला चढ-उताराचा असा काही त्रास नाही. तरीही या शहरात जड मोटारसायकली पडतात, आणि बहुतेक वेळा उभ्या-उभ्याच पडतात. भरधाव गाडी घसरते ते प्रकरण वेगळे. त्यापासून अल्लाहने सर्वांना सुरक्षित ठेवावे. आम्ही बोलतो आहोत ते पायी चालणाऱ्या माणसापेक्षाही हळू असलेल्या गाडीबद्दल. वळवताना, थांबताना, गर्दीतून बाहेर काढताना बुलेट हळूच एका बाजूला झुकते, चालवणारा दात-ओठ खाऊन तिला धरू पाहतो, आणि ती त्याला न जुमानता आडवी होते. फार मोठा आवाजही होत नाही. आरसा फुटल्याचा टक् आणि भोवती पाच-सहा जणांचे ‘अरे, अरे!’ एवढेच.

आमच्या घरात अशी एक बुलेट आहे. अब्बांनी ती 1992 साली नवी घेतली. त्यांचे लहानपण कामठीत गेले. कामठी ही इंग्रजांच्या काळापासूनची छावणी. आजही तिथे गार्ड्स रेजिमेंटचे केंद्र आहे. फौजी बुलेटचा तो संथ, जड ठोका ऐकतच ते वाढले. मद्रासला या गाड्या जोडायला 1955 साली सुरुवात झाली, तीही आधी आपल्या फौजेने मागणी नोंदवली होती म्हणून, हे ते आम्हाला पाढ्यासारखे ऐकवत. नोकरी लागल्यावर त्यांनी पैसे साठवले आणि सायकलवरून एकदम बुलेटवर गेले. मध्ये स्कूटर नाही, काही नाही. अम्मी एका बाजूला पाय करून मागे बसायच्या, एक हात अब्बांच्या खांद्यावर आणि एक हात पिशवीवर. अम्मींना जाऊन आता सहा वर्षे झाली. गाडी मात्र आहे. पंधरा वर्षे उलटली की दर पाच वर्षांनी नोंदणी नवी करावी लागते; अब्बांनी ती दर वेळी न चुकता केली आहे.

त्यामुळे या शहरात बुलेट कुठे कुठे पडते, याचा एक नकाशा आमच्या डोक्यात आपोआप तयार झाला आहे.

पहिली जागा आमचा मोमिनपुराच. रमजानच्या रात्री तरावीहनंतर इथला रस्ता ज्यांनी पाहिला आहे, त्यांना सांगायला नको. कबाबच्या शेगड्या, फालुद्याच्या गाड्या, शेवयांचे ढीग, खरेदीला निघालेली कुटुंबे, आणि या सगळ्यातून दोन्ही पाय जमिनीला घासत सरकणाऱ्या मोटारसायकली. इथे हलक्या गाडीवाला निभावून नेतो. बुलेटवाल्याचा पाय एखाद्या नालीच्या हललेल्या फरशीवर पडला की संपले. दुसरी जागा म्हणजे सिमेंटचे नवे रस्ते. गेल्या दहा-पंधरा वर्षांत नागपुरात डांबर जाऊन सिमेंट आले. रस्ते गुळगुळीत झाले, पण पुष्कळ ठिकाणी रस्ता वर आणि कडेची जमीन खाली, असे झाले. थांबताना माणूस सवयीने डावा पाय टेकवायला जातो, आणि जिथे जमीन असायला हवी तिथे वीतभर खाली काहीच नसते. तेवढ्या वीतभरात गाडीचा तोल जातो.

मग रामझुला. रेल्वेवरचा हा पूल दिसायला देखणा आहे, तारांनी तोललेला. पण संध्याकाळी त्याच्या चढावर वाहनांची रांग लागते तेव्हा क्लच, ब्रेक आणि पाय या तिघांचा हिशेब एकाच वेळी सांभाळावा लागतो. स्टेशनजवळच्या संत्रा मार्केटात मोसमात जमीन ओली आणि सालींनी निसरडी असते. फुटाळ्याला संध्याकाळी तलावाच्या कडेला गाड्या इतक्या खेटून लागतात की आपली काढायची तर हँडल पूर्ण वळवूनच काढावी लागते. आणि हँडल पूर्ण वळलेले असताना कोणी पुढचा ब्रेक दाबला, तर गाडी त्याच बाजूला झोपते. हे जवळजवळ ठरलेलेच असते.

पडणाऱ्याला लागते त्यापेक्षा लाज जास्त वाटते. नागपूरकर मदतीला धावतो, यात शंका नाही, पण धावता धावता ‘काय बे, झेपत नाही तं कायले घेते?’ एवढे म्हणतोच. आणि उर्दू बोलणाऱ्या मोहल्ल्यात घोड्यावरून पडण्याविषयीचा तो प्रसिद्ध शेर कोणी ना कोणी ऐकवतोच. शाळेत आम्ही उर्दू आणि मराठी दोन्ही शिकवतो, त्यामुळे तो शेर आमच्या वाट्याला जरा जास्तच येतो. शेर चांगला आहे. पण तो रणांगणातल्या स्वारासाठी लिहिलेला आहे, पान ठेल्यासमोर गाडी वळवणाऱ्यासाठी नाही.

आता हे पडणे होते कसे, ते जरा समजून घेऊ. नव्या बुलेटचे वजन कंपनी 195 किलो सांगते. साधी स्प्लेंडर 112 किलोच्या आसपास, घरोघरी असणारी अ‍ॅक्टिव्हा त्याहून थोडी कमी. म्हणजे बुलेट जवळजवळ दुप्पट. गाडी वेगात असते तेव्हा हे वजन जाणवत नाही. चालती गाडी एका बाजूला झुकली की तिचे पुढचे चाक आपोआप किंचित त्याच बाजूला वळते आणि गाडी स्वतःलाच सावरून घेते. वेग उतरला की ही करामत बंद होते आणि तोल सांभाळायचे काम सगळे माणसावर येते. आमच्या शाळेतल्या विज्ञानाच्या सरांनी फळ्यावर ढोबळ गणित मांडून दाखवले. गाडी पाच अंश कलली असेल तर हँडलपाशी सात-आठ किलोचा जोर लावून ती धरता येते. तीस अंश कलली की तोच जोर पंचेचाळीस किलोच्या पुढे जातो. उभ्या बुलेटला लहान मूलही एका हाताने धरून ठेवील. पण तीच कलत गेली की पहिलवानालाही आवरत नाही. दोन्हींच्या मध्ये एक क्षण असतो. त्या क्षणी तिला सोडून बाजूला व्हायचे असते, आणि बहुतेक माणसे नेमकी तेव्हाच जास्त घट्ट धरतात. मनगट, कंबर आणि घोटा यांना इजा होते ती गाडी पडल्याने कमी आणि ती पडू नये म्हणून धरल्याने जास्त, असे आम्हाला एकाहून अधिक मिस्त्रींनी सांगितले आहे.

जुन्या बुलेटची आणखी एक खोड आहे. तिचा गिअर उजव्या पायाशी आणि मागचा ब्रेक डाव्या पायाशी असतो. आजच्या सगळ्या गाड्यांच्या अगदी उलट. आठवडाभर दुसरी गाडी चालवून जो जुम्म्याला हौसेने जुनी बुलेट काढतो, तो घाईच्या क्षणी ब्रेक समजून गिअर दाबतो. अब्बांचे तसे कधी झाले नाही. त्यांनी दुसरी गाडी चालवलीच नाही.

गेल्या वर्षी पावसाळा सरल्यावर आम्ही सगळे वाकीला गेलो होतो. नागपूरच्या मुसलमानांना, आणि तितक्याच हिंदूंनाही, वाकी ठाऊक आहे. बाबा ताजुद्दीन 1861 साली कामठीत जन्मले आणि 1925 मध्ये नागपुरात त्यांचे निधन झाले; मजार उमरेड रोडवर ताजबागेत आहे. पागलखान्यातून सुटल्यानंतरचा त्यांचा काळ काही शकरदऱ्यात रघुजीराव भोसल्यांकडे आणि काही वाकीत तिथल्या पाटलांकडे गेला. मुसलमान दरवेश, मराठा राजा आणि गावचा पाटील अशी ही सगळी कथा आहे, आणि विदर्भात ती कोणाला नवलाची वाटत नाही. दर्ग्यावर जाण्याविषयी घराघरांत वेगवेगळी मते आहेत. आमच्या घरातही आहेत. पण कन्हानच्या काठचे ते गाव पाहायला सगळेच निघतात.

मानकापूर ओलांडले की शहर सुटते. कोराडीच्या वीजकेंद्राच्या चिमण्या बराच वेळ सोबत करतात. पुढे गेलो तरी मागे वळून पाहिले की त्या तिथेच. मग शेते लागतात. कापसाची बोंडे फुटायला आली होती, काळी जमीन अजून ओली होती, आणि रस्त्याच्या कडेला एक-दोन ठिकाणी आंबिया बहाराची संत्री विकायला बसलेली माणसे. अब्बा बुलेटवर एकटे पुढे, आम्ही स्कूटरवर मागे, भाईजानचे कुटुंब रिक्षात. पाटणसावंगीकडून आत वळलो तेव्हा अब्बांनी हात वर करून आम्हाला इशारा केला. एकाहत्तर वर्षांचा माणूस, डोक्यावर हेल्मेट, पाठ ताठ. बघून बरे वाटले.

नदीकडे उतरणारी वाट मुरमाची होती. पाणी पुष्कळ होते. या डोहात पोहायला उतरलेली तरुण मुले बुडाल्याच्या बातम्या दर वर्षी वाचायला मिळतात; मुलांना घेऊन जाणाऱ्यांनी काठावरच थांबावे. अब्बांनी गाडी अर्ध्या उतारावर थांबवली आणि मग, पुढे जागा नाही असे दिसल्यावर, तिथेच वळवायला घेतली. वेग काहीच नव्हता. हँडल डावीकडे, चाकाखाली खडे, पुढचा ब्रेक. टेकवलेला पाय मुरमावरून सरकला आणि गाडी त्यांना घेऊन डाव्या अंगावर गेली.

पाय गाडीखाली होता. लेग गार्ड होता म्हणून पाय आणि इंजिन यांच्यामध्ये हातभर पोकळी राहिली. तो लोखंडी कमानीसारखा दांडा पुष्कळ तरुण शोभा जाते म्हणून काढून टाकतात. त्यांनी त्या दिवशी वाकीला असायला हवे होते.

आम्ही पोहोचेपर्यंत चार-पाच जण धावून आले होते. सगळ्यांची नियत चांगली. एकाने हँडल ओढले, एकाने मागची सीट, एका पोराने हात घातला तो थेट सायलेन्सरला आणि ओरडून मागे झाला. ओढाताणीत गाडी उतारावरून फूटभर खाली सरकली आणि अब्बांच्या तोंडून पहिल्यांदा आवाज निघाला. तेवढ्यात फुले-चादरी विकणारी एक बाई टोपली खाली ठेवून पुढे आली आणि खणखणीत आवाजात म्हणाली, ‘‘अरे, आधी मानूस काढा ना बावा! गाडी का पळून राह्यली का कुठी?’’

सगळे थांबले. दोघांनी गाडी आहे तिथे दाबून धरली, दोघांनी अब्बांना काखेत हात घालून मागे ओढले. पाय निघाला. घोटा सुजला होता, कातडी सोलली होती, हाड शाबूत होते. अल्हम्दुलिल्लाह. टाकीच्या झाकणातून पेट्रोल ठिबकत होते आणि दोन हातांवर एक जण विडी ओढत उभा होता. त्याला त्याच बाईने हाकलले. मग कोणीतरी टाकीखालचा कॉक बंद केला. गाडी उभी करायला चार माणसे लागली, आणि चौघांनी चार दिशांना जोर लावला.

परतीच्या वाटेवर अब्बा रिक्षात बसले. बुलेट भाईजानने आणली.

घरी आल्यावर खरा विषय निघाला. अब्बा रोज फज्रनंतर बुलेटवर एकटेच निघतात. कधी सेमिनरी हिल्स, कधी कामठी रोडने कन्हानच्या पुलापर्यंत. त्या वेळी रस्ते रिकामे असतात. वाकीला भोवती माणसे होती. पहाटे साडेपाचला, थंडीच्या धुक्यात, तापलेल्या इंजिनाखाली पाय अडकला तर? भाईजानने हा प्रश्न विचारला तेव्हा कोणाकडे उत्तर नव्हते. त्याच्याकडे गिऱ्हाईकही तयार होते. जुन्या लोखंडी इंजिनाच्या बुलेटला आता हौशी लोक चांगली किंमत देतात. तो म्हणाला, ‘‘अब्बा, तुम्ही दोन वर्षांपासून खुर्चीवर बसून नमाज पढता. गुडघे सजद्याला वाकत नाहीत, तर पडलेली गाडी कशी उचलाल?’’

बोलणे कठोर होते, पण खोटे नव्हते. अब्बा काही बोलले नाहीत. त्यांनी किल्ली खिशातून काढून मेजावर ठेवली आणि आत गेले. त्या रात्री ते जेवले नाहीत.

दुसऱ्या दिवशी आमच्या लेकीने विषय उलट्या बाजूने काढला. ती एकोणीस वर्षांची, कॉलेजात दुसऱ्या वर्षाला, उंची पाच फूट दोन इंच. ती म्हणाली, उचलता येत नाही म्हणून विकायची असेल, तर आधी उचलायचे कसे ते कोणी शिकले आहे का? चार पुरुषांनी चार दिशांना ओढले, त्याला उचलणे म्हणतात का? भाईजान हसला. आम्हालाही हसू आले. पण तिने म्हटले त्यात तथ्य होते. गाडी चालवायला सगळे शिकतात, पडलेली उभी करायला कोणी शिकवत नाही. पुण्याहून 2011 साली सुरू झालेल्या ‘बायकर्णी’ या बायकांच्या मोटारसायकल संघटनेबद्दल तिने वाचले होते; त्या बायका याच वजनाच्या गाड्या घेऊन लांबलांबचे प्रवास करतात. त्यांच्या गाड्या कधी पडतच नसतील का?

कामठी रोडवर अब्बांचे जुने मिस्त्री आहेत, त्यांच्याच वयाचे. एका रविवारी त्यांच्या आवारात आम्ही बुलेट नेली. मिस्त्रींनी आधी टाकीतले पेट्रोल काढले, बॅटरी काढली, कारण आडव्या गाडीतून तिचे तेजाब सांडते. मग जुन्या गाद्या आणि भुशाची पोती अंथरून गाडी उजव्या अंगावर अलगद झोपवली. तिला तसे पडलेले पाहून अब्बांनी तोंड फिरवले.

मिस्त्री जे बोलले ते आम्ही आठवून लिहितो. पहिले काम गाडीला हात लावण्याचे नाहीच. किल्ली बंद, कॉक बंद, विडी-सिगारेट लांब. दुपट्टा, ओढणी, सैल बाही आवरून घ्यायची. सायलेन्सर कोणत्या बाजूला आहे ते पाहून ठेवायचे. गाडी उजवीकडे पडली असेल तर डावीकडचा साईड स्टँड आधीच उघडून ठेवायचा, म्हणजे उभी झाल्यावर ती पलीकडे कोसळत नाही, स्टँडवर टेकते. डावीकडे पडली असेल तर स्टँड खाली दबलेला असतो, मग उभी केल्यावर धरून ठेवून पायाने तो काढावा लागतो. गाडी गडगडू नये म्हणून गिअरमध्ये टाकायची. जुन्या बुलेटचा गिअर उजव्या बाजूला, म्हणजे पडलेल्या गाडीच्या खाली, तो सापडायचा नाही. त्यासाठी मिस्त्रींनी सायकलच्या ट्यूबची पट्टी घेऊन पुढच्या ब्रेकची मूठ करकचून बांधली. अशी एक पट्टी आता आमच्या गाडीच्या पेटीत कायम असते.

मग मुख्य गोष्ट. गाडीकडे तोंड करून वाकून ओढले की सगळा भार कमरेवर येतो. गाडीकडे पाठ करायची. हँडल जमिनीकडच्या बाजूला पूर्ण वळवायचे, म्हणजे खालची मूठ टाकीजवळ येते. एका हाताने ती मूठ, दुसऱ्या हाताने मागच्या सीटखालची लोखंडी पकड. बसकण सीटच्या कडेला टेकवायची, गुडघे वाकवून, पाठ सरळ, नजर समोर. आणि मग हातांनी ओढायचे नाही. पायांनी जमीन मागे रेटत छोटी छोटी पावले टाकत मागे सरकायचे. ‘‘इतवारीत हमाल पोते पाठीवर घेतो ते बघितले ना? तो हाताने उचलतो का? तो पोत्याखाली बसतो आणि उठतो,’’ मिस्त्री म्हणाले. दोन्ही चाके जमिनीलाच असतात, त्यामुळे पूर्ण वजन उचलावे लागतच नाही. सुरुवातीला अर्ध्याच्या आसपास भार येतो, आणि गाडी जसजशी वर येते तसतसा तो कमी होत जातो. पहिला हातभरच काय तो कठीण.

लेकीची पहिली खेप फुकट गेली, पाय सरकले. मिस्त्रींनी तिला चपला काढून बूट घालायला लावले. दुसऱ्या वेळी गाडी अर्ध्यावर येऊन परत गादीवर गेली. तिसऱ्या वेळी ती वर आली, सरळ झाली, आणि हळूच पलीकडे कलून स्टँडवर टेकली. आवारातली पोरे टाळ्या वाजवू लागली. भाईजान उठून उभा राहिला. त्याने स्वतः करून पाहिले, त्यालाही जमले, आणि कमरेला काही झाले नाही याचे त्याला फार आश्चर्य वाटले.

मग अब्बा पुढे आले. कोणी त्यांना बोलावले नव्हते. त्यांनी बाह्या वर केल्या, बिस्मिल्लाह म्हटले, पाठ गाडीला लावली, आणि खाली बसू लागले. गुडघे अर्ध्यापर्यंतच वाकले. त्यांनी तिथूनच जोर लावला. गाडी बोटभर हलली. दुसऱ्यांदा लावला. कपाळावर शीर उभी राहिली. आवारात कोणी बोलत नव्हते. बाहेरून कामठीच्या बसचा हॉर्न तेवढा ऐकू आला. तिसऱ्यांदा त्यांनी जोर लावलाच नाही. सीटवर हात ठेवून ते उभे राहिले, हात झटकले आणि लेकीकडे बघून म्हणाले, ‘‘नाही होत बेटा. तू कर.’’

तिने केली.

परतताना अब्बांनी स्वतःच सांगितले की आता एकटे जाणार नाही. भाईजानला हे पुरेसे वाटले नाही आणि अजूनही वाटत नाही. त्याचे म्हणणे असे की मागे बसलेल्याचा पाय अडकला तर उचलणारा एकच उरतो, आणि आपल्या माणसाचा पाय खाली असताना डोके शांत ठेवणे गादीवरच्या सरावाने येत नाही. यावर आमच्याकडे उत्तर नाही. पण त्या फुले विकणाऱ्या बाईला कोणी सराव दिला होता?

लेकीने गिअरच्या गाडीचा शिकाऊ परवाना काढला, मग आरटीओत रीतसर परीक्षा दिली. आरटीओच्या परीक्षेत इंग्रजी आठ काढायला लावतात, तेही हळू, पाय न टेकवता. आठ म्हणजे जड गाडी जिथे पडते नेमकी तीच दोन वळणे. तिने ती कॉलेजातल्या मैत्रिणीच्या हलक्या गाडीवर दिली आणि पास झाली. उजव्या पायाचा गिअर शिकवायला अब्बांनी महिना घेतला. ते फार कडक मास्तर निघाले. आमच्या शाळेत असते तर पालकांच्या तक्रारी आल्या असत्या. हँडल वळलेले असताना पुढचा ब्रेक दाबायचा नाही, हे त्यांनी तिच्याकडून दिवसातून वीस वेळा म्हणवून घेतले. मुरमावर, उतारावर गाडी वळवायची नाही; उतरायचे, बाजूला उभे राहून ढकलत वळवायची. पाय टेकवण्याआधी जमीन पाहायची. आणि झुकली तर सोडून द्यायची. ‘‘आरसा दोनशे रुपयाला येतो,’’ हे त्यांचे आवडते वाक्य झाले आहे.

मोहल्ल्यात बोलणारे बोलतात. मुलगी बुलेटवर, आणि आजोबा मागे! एका बुजुर्गांनी मशिदीच्या दारात अब्बांना त्याबद्दल विचारले. अब्बांनी त्यांना एवढेच विचारले की तुमच्या घरात माझी गाडी उचलू शकेल असा कोण आहे ते सांगा, मी त्याच्या मागे बसतो.

या जानेवारीत दोघे ताजबागेच्या बाजूने उमरेड रोडवर गेले होते. परत येताना सक्करदऱ्याच्या चौकात, सिग्नलला थांबताना, सिमेंट रस्त्याच्या कडेला लेकीचा पाय खाली गेला आणि गाडी कलली. तिने सोडून दिली. अब्बा आधीच उतरले होते. मागे बसणाऱ्याने वेग मरताच पाय मोकळे ठेवायचे, हेही त्यांनीच ठरवलेले. गाडी उजव्या अंगावर आडवी. माणसे धावली. अब्बांनी दोन्ही हात पसरून त्यांना थांबवले आणि म्हणाले, ‘‘कोणी हात लावू नका. तिला माहीत आहे.’’ लेकीने किल्ली फिरवली, कॉक बंद केला, स्टँड उघडला, पेटीतून ट्यूबची पट्टी काढून ब्रेक बांधला, दुपट्टा कमरेला खोचला आणि गाडीकडे पाठ केली. सिग्नल सुटला तरी एक-दोन रिक्षावाले पाहायला थांबले होते. उभी झाल्यावर तिने पाच मिनिटे थांबून, कार्बोरेटरमध्ये चढलेले पेट्रोल उतरू दिले. पहिल्या किकला गाडी सुरू झाली नाही. चौथ्या किकला झाली.

उजव्या बाजूचा आरसा बदलावा लागला. अडीचशे रुपये लागले.